दुखणं किती, त्रास किती?

निपाणीच्या एखाद्या दवाखान्यात आठवडी बाजाराच्या दिवशी तासभर बसलं, की एक शब्द पुन्हा पुन्हा कानावर येतो: गॅप. ‘मणक्यात गॅप पडलाय.’ सांगणारी बाई कधी चाळिशीची असते, कधी पन्नाशीची, कधी तिशीही उलटलेली नसते. काढलेला फोटो पिशवीतून जपून बाहेर येतो. डॉक्टर तो उजेडाकडे धरतात आणि गोळ्या लिहून देतात. महिन्याभराने बाई पुन्हा त्याच बाकावर. कंबर तशीच, आणि आता झोपही गेलेली.

तिच्याच गल्लीत, तिच्याच वयाची, तितकीच वर्षं विड्या वळलेली दुसरी बाई असते. तिचीही कंबर धरते. पण ती ‘दुखतंय जरा, चालायचंच’ म्हणते आणि सूप मांडीवर घेते. दोघींचे फोटो शेजारी ठेवले तर कोणता कोणाचा हे ओळखता येऊ नये, इतके ते सारखे असू शकतात. मग एकीला दुखणं गिळून टाकतं आणि दुसरी ते वागवत राहते, असं का व्हावं? वेदना आणि वेदनेचा त्रास या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हे वेदनाशास्त्राने गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत ओळखलं. त्रास कशाकशाने वाढतो, याचा आढावा इथे घ्यायचा आहे, तोही बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या कष्टकऱ्यांना समोर ठेवून.

आधी एक खुलासा. मनाचा आणि वेदनेचा संबंध आहे म्हटलं, की आपल्याकडे लगेच ‘म्हणजे हिच्या मनाचे खेळ’ असा अर्थ लावला जातो. हा अर्थ चुकीचा आहे आणि त्याने फार बायकांचं नुकसान झालं आहे. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली केलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली व्याख्या सांगते, की वेदना हा शरीराचा आणि भावनेचा एकत्रित अनुभव असतो. सोबतच्या टिपणात तर स्पष्ट लिहिलं आहे, की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या शब्दाचा मान राखला पाहिजे.

वेदनेबद्दलच्या या आकलनाचा एक मोठा टप्पा रणांगणावर घडला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी भूलतज्ज्ञाने गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, वेदनाशामक हवं का? जवळजवळ तीनचतुर्थांश सैनिक नको म्हणाले. १९४६ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. सैनिकाला जखम म्हणजे युद्धातून जिवंत सुटका वाटत असावी, असा त्याने अंदाज बांधला. बेळगावकरांना इटलीची ती मोहीम परकी नाही. ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आज आपल्या गावात आहे, तिच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी त्याच मोहिमेत १९४४ आणि १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. जखमेचा अर्थ काय लागतो, त्यावर वेदनेचं ओझं ठरतं, हे बीचरचं निरीक्षण होतं. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी ‘दरवाजा’ सिद्धांत मांडून त्याला मज्जासंस्थेचा आधार दिला: शरीराकडून आलेला निरोप मेंदूपर्यंत जसाच्या तसा जात नाही, पाठीच्या कण्यातच त्याला वाट मिळते किंवा अडवली जाते, आणि ती वाट किती उघडायची यात मेंदूकडून उतरणाऱ्या संदेशांचाही हात असतो. पुढच्या संशोधनाने या सिद्धांतात बऱ्याच दुरुस्त्या केल्या, पण गाभा टिकला.

आता ‘गॅप’कडे. २०१५ साली जगभरातल्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. ज्यांची पाठ मुळीच दुखत नाही अशा माणसांच्या मणक्यांच्या तपासण्या त्यात पाहिल्या होत्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. केस पिकावेत तशी ही झीज. तिने कधीच दुखत नाही असं मी म्हणत नाही. पायात जोर राहत नसेल, लघवीवरचा ताबा गेला असेल, तर तातडीने मोठ्या दवाखान्यात गेलंच पाहिजे. पण बहुतेक कंबरदुखीत फोटोतली झीज आणि बाईचा त्रास यांचं गणित जुळत नाही. उलट ‘गॅप’ हा शब्दच तिच्या मनात घर करतो. मणक्यात फट पडली, आता वाकले तर मोडेन, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. बोलता बोलता टाकलेल्या एका शब्दाने पेशंटचं पुढचं वर्ष बिघडू शकतं, हे डॉक्टरांनी फार गांभीर्याने घ्यावं असं मला वाटतं.

अशा चित्रांना मानसशास्त्रात मोजमाप आहे. १९९५ साली कॅनडात मायकेल सलिव्हन यांनी तेरा प्रश्नांची एक पट्टी तयार केली. तिचे तीन भाग आहेत: दुखणं मनात सतत घोळवत राहणं, त्याला मोठं करून पाहणं, आणि आपल्या हातात काहीच उरलं नाही असं वाटणं. या पट्टीवर ज्यांचे गुण जास्त, त्यांना वेदनाही जास्त जाणवते आणि अपंगत्वही जास्त येतं, हे नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसलं. त्याच्या जोडीला भीतीचं चक्र असतं. दुखेल म्हणून माणूस हालचाल टाळतो, स्नायू दुबळे होतात, मग थोडं हललं तरी दुखतं. व्लायन आणि लिंटन यांची २००० सालची ही मांडणी आज फिजिओथेरपीच्या वर्गांत शिकवली जाते.

पण ही मांडणी निपाणीत जशीच्या तशी लागू पडत नाही असं मला वाटतं. विडी वळणाऱ्या बाईला विश्रांतीची चैन कुठे असते? मजुरी हजाराच्या हिशेबाने. टेंभुर्णीचं पान भिजवायचं, कातरीने मापात कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोऱ्याने बांधायचं, तोंड दुमडायचं. आणि हे एका दिवसात शेकडो वेळा. मांडी घातलेली, मान खाली, खांदे पुढे. हात थांबला की पैसा थांबला. म्हणून ती काम टाळत नाही, बाकीचं सगळं टाळते. लग्नाला जात नाही, कारण दोन तास एसटीत बसवणार नाही. जत्रेला जात नाही. शेजारणीकडे घटकाभर बसायला जात नाही, कारण तेवढ्या वेळात पाठ टेकता येते. दुखण्यामुळे तिच्या आयुष्यातून कष्ट कमी होत नाहीत, आनंद कमी होतो. परदेशातल्या प्रश्नावल्या ‘तुम्ही किती दिवस कामावर गेला नाहीत’ हे विचारतात. तिचं उत्तर शून्य येतं आणि कागदावर ती बरी ठरते.

आता कोणाला जास्त त्रास होतो ते पाहू. वय, बाई असणं, कमी शिक्षण, गरिबी, एकटेपण, शरीर झिजवणारं काम हे घटक जगात जवळजवळ सगळीकडे पुन्हा पुन्हा सापडतात. देशव्यापी वृद्धत्व सर्वेक्षणाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने बहात्तर हजारांहून अधिक लोकांना त्यात विचारलं. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक दुखण्याने वारंवार हैराण असतात असं दिसलं, आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त. आपल्या शेजारचा दाखला हवा असेल तर पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण घ्या. तिथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर जाऊन हाडा-सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी दर पाच-सहा माणसांत एकाला हे दुखणं होतं.

बायकांना जास्त का, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. संप्रेरकांचा वाटा आहे. रक्त कमी असण्याचा, बाळंतपणांचा आहे. पण महाराष्ट्र आणि गोव्यातल्या दोन अभ्यासांनी या प्रश्नाचे दोन चेहरे दाखवले, आणि ते दोन्ही एकदम ध्यानात ठेवावे लागतात.

पहिला गडचिरोलीचा. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्यापूर्वी जेमतेम ८ टक्क्यांचीच कधी तपासणी झाली होती. म्हणजे ज्या दुखण्याला घरात आणि दवाखान्यात ‘बायकांचं कुरकुरणं’ म्हटलं जात होतं, त्याच्यामागे खरे, उपचार करता येण्याजोगे आजार होते. कोणी पाहिलंच नव्हतं.

दुसरा गोव्याचा. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांना विचारलं. सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असणाऱ्या साधारण १२ टक्के निघाल्या. हा थकवा रक्तातल्या हिमोग्लोबिनशी जुळला नाही. तो जुळला कर्जाशी, घरातल्या उपासमारीशी, नवऱ्याच्या अत्याचाराशी, स्वतःचा निर्णय स्वतः घेता न येण्याशी, उदासीनतेशी. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रारही याच पाहणीत तपासली होती, आणि तिथेही जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या आणि घरच्या ताणाशी नातं जास्त ठळक दिसलं.

गडचिरोली म्हणते, शरीर तपासा. गोवा म्हणतो, घर विचारा. एकाने दुसरं खोटं ठरत नाही. निपाणीतल्या बाईला दोन्ही हवं आहे, आणि तिला बहुतेक वेळा दोन्हींतलं काहीच मिळत नाही. दोन मिनिटांत सुई टोचून ती बाहेर येते.

मग ती मनाचं दुखणं सांगत का नाही? बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. रघुराम आणि सहकाऱ्यांनी ऐंशी रुग्णांशी सविस्तर बोलून १९९६ साली याचं उत्तर प्रसिद्ध केलं. उदासीनतेची लक्षणं जितकी जास्त, तितकी लोकलाज जास्त. शारीरिक तक्रारी जितक्या जास्त, तितकी ती कमी. डोकं दुखतं म्हटलं तर चारचौघांत कमीपणा येत नाही, डोकं दुखणं सगळ्यांना माहीत असतं. मन लागत नाही म्हटलं तर मुलीच्या सोयरिकीचं काय होईल, ही धास्ती असते. तेव्हा ‘आमच्या लोकांना भावना कळत नाहीत म्हणून ते शरीराने बोलतात’ हा परदेशी अभ्यासकांचा जुना समज टिकत नाही. बाईला सगळं कळतं. काय सांगितलं तर ऐकून घेतील आणि बदनामीही होणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक असतं.

भाषेचा मुद्दा इथेच येतो, आणि सीमाभागात तो कळीचा आहे. वेदनेचे शब्द गोळा करून मेलझॅकने १९७५ साली इंग्रजीत ७८ शब्दांची यादी केली. आपली यादी करायला बसलं तर मराठीही काही कमी पडणार नाही. दाढ ठणकते, जखम ठसठसते, पोटात कळ येते, गुडघ्यात चमक निघते, पाठीत उसण भरते, दंडाला रग लागते, पायात पेटका येतो, तळव्यांची आग होते. उसण आणि रग यांतला फरक ज्याला कळतो तो अर्धं निदान तिथेच करतो. ‘नोवु’ हा कन्नड शब्द तर अंगाच्या आणि मनाच्या, दोन्ही दुखण्यांना चालतो. मराठीतलं ‘दुखणं’ही ‘दुःखा’च्याच पोटातून आलं आहे. निपाणीत मराठी, चिकोडी-संकेश्वर-हुक्केरीकडे दोन्ही भाषा एकमेकींत मिसळलेल्या. घरात एक, बाजारात दुसरी. आणि तपासणीच्या खोलीत बऱ्याचदा तिसरीच, कारण बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मुलं देशभरातून येतात. त्या मुलांचा यात दोष नाही. पण बाईच्या तोंडचे उसण, कळ, रग हे सगळे शब्द केसपेपरवर एकाच इंग्रजी शब्दात मावतात, आणि गळून जातं ते कायमचं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून भाषेचा वाद चालू आहे, आणि २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर दुखणं घेऊन माणसं कोल्हापूर-मिरजेकडेही जातात आणि बेळगावकडेही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ८६५ सीमागावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करायची ठरवली आणि कर्नाटकाने हरकत घेतली. ही ओढाताण वर्तमानपत्रात वाचताना मला त्या बाकावरची बाई आठवते. कार्ड कोणत्या राज्याचं चालेल हे जिला माहीत नाही, तिच्या दुखण्यात अनिश्चिततेची भर पडते, आणि अनिश्चितता त्रास वाढवते हे सांगायला वेगळ्या संशोधनाची गरज नाही.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षिलेला घटक अन्यायाचा आहे. सलिव्हन यांनीच २००८ साली बारा प्रश्नांची आणखी एक पट्टी केली. ‘माझ्यावर अन्याय झाला’, ‘माझं जे गेलं ते कधीच भरून येणार नाही’ अशी भावना किती आहे, हे ती मोजते. अपघातात किंवा कामावर जखमी झालेल्यांत ज्यांचे गुण जास्त, त्यांची वेदना जास्त टिकली आणि ते कामावर उशिरा परतले. ही पट्टी वाचताना मला निपाणीचा इतिहास दिसतो. वळलेल्या विड्यांतून छाट काढली जाते, खराब ठरलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, आणि खराब कोणती हे वळणारी ठरवत नाही. तंबाखूच्या वखारींत चाळणाऱ्या-कुटणाऱ्या बायकांनी संघटना बांधून संप केले. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या चित्रपट गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडलं आणि ६ एप्रिल १९८१ रोजी त्यांच्यावर गोळीबार झाला, तोही याच गावात. कष्टाचं मोल मिळत नाही ही जाणीव इथे पिढ्यान्पिढ्यांची आहे.

विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला, १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी झाला. विडीवरच्या उपकरातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुलं यांना पैसा मिळे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर रद्द झाला. कंबरदुखीच्या आढाव्यात कराची गोष्ट कशाला, असं कोणी म्हणेल. पण हतबलता वेदना वाढवते हे एकदा मान्य केलं, तर हतबलता कुठून येते हेही त्याच आढाव्यात आलं पाहिजे.

आणखी एक समज इथे मुळापासून काढायला हवा: कष्टकऱ्यांना सवय असते, त्यांना कमी दुखतं. व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ साली गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची आणि शिकाऊ डॉक्टरांची पाहणी झाली. काळ्या माणसांच्या शरीराबद्दलच्या खोट्या समजांपैकी, जसं की त्यांची कातडी जाड असते, निदान एक तरी खरा मानणारे जवळजवळ निम्मे निघाले. असे समज बाळगणाऱ्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी लेखली आणि उपचारही कमी अचूक सुचवले. आपल्याकडे जात आणि काम पाहून अशीच मापं लावली जातात. ‘ह्या बायकांना काय, रोजचंच आहे’ हे वाक्य मी सुशिक्षित तोंडांतून ऐकलं आहे. सवय झालेली असते ती न बोलण्याची.

उपाय काय चालतात? जुनाट दुखण्यासाठी ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शनात, ज्या वेदनेमागे दुसरा आजार सापडत नाही तिच्यासाठी नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सुरूच करू नयेत असं सांगितलं. व्यायाम, विचार-वर्तन उपचार आणि काही जणांना उदासीनतेवरची औषधं यांना पसंती दिली. आमच्याकडे नेमकं उलट चालतं. मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी मागून घ्यायची आणि वर्षानुवर्षं खायची. मग पोटात व्रण, मूत्रपिंडावर ताण. जोडीला दात घासायची मिसरी, जी भूक मारते आणि पुढे तोंडाचा आजार देते. तोंडाच्या कर्करोगाची वेदना मात्र वेगळी. तिथे गोळ्यांची कंजुषी पाप आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं दुरापास्त झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली. तरी तालुक्याच्या गावी ते मिळवण्यासाठी नातेवाइकांना अजून वणवण करावी लागते.

मानसोपचारतज्ज्ञ गावोगाव मिळणार नाहीत, हे खरंच आहे. पण गोव्यात ‘मानस’ प्रयोगात स्थानिक, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. २०१० साली त्याचे निष्कर्ष आले, आणि सरकारी केंद्रांत उदासीनता व चिंतेचे रुग्ण बरे होण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. कर्नाटकाला तर हे नवं नाही. देशाच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा नमुना १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यातच उभा राहिला. निपाणीच्या केंद्रात अशी एक मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी अक्का बसवायला फार मोठा पैसा लागणार नाही.

बेळगावात दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, फिजिओथेरपीचं शिक्षण आहे, संशोधनाची हौसही आहे. त्यांना एवढंच विनवायचं आहे: निपाणी, चिकोडी, संकेश्वर इथल्या विडी कामगार बायकांच्या दुखण्याची एक नीट पाहणी करा. दोन्ही भाषांत करा. प्रश्नावली परदेशी असली तर आधी बायकांना तिचे शब्द विचारा. पाहणीला सकाळी जाऊ नका, तेव्हा हात कामात असतात. विड्या देऊन त्या परत आल्यावर संध्याकाळी जा. ‘किती दुखतं’ याच्या पुढे तीन प्रश्न जोडा: दुखतं तेव्हा मनात काय येतं, या दुखण्यामुळे काय करायचं सोडलंत, आणि तुमचं हे खरं कोण मानतं. तिसऱ्या प्रश्नाला बाई थोडी थांबेल. तेवढा वेळ तिला द्या.